शेरा

नेरेत्वाच्या दोन्ही काठांवर मी पाण्याचे मीटर वाचते.
एकोणीस वर्षं झाली.
तळघरात वाकून, टॉर्च दातांत धरून,
काच पुसून आकडा लिहिते, आणि शेवटच्या रकान्यात शेरा:
गळती. कुत्रं चावरं. दार उघडत नाहीत.

माझं नाव यास्ना. या नावावरून काही कळत नाही,
म्हणून लोक आडनाव विचारतात.
आडनाव नवऱ्याचं, त्यानंही उलगडा होत नाही,
मग वडिलांचं नाव.
मग जरा घुटमळत, कॉफीचा कप पुढे सरकवत,
"तुमच्याकडे अंडी कधी रंगवतात? की रंगवतच नाहीत?"
मी म्हणते, मीटर कुठे आहे?

सरकारी अर्जावर तीन चौकोन असतात, आणि चौथा, "इतर".
इतरांना अध्यक्ष होता येत नाही.
ठीक आहे, मला कुठे व्हायचंय.
पण पोरानं जेवताना विचारलं, का?
आणि माझ्या हातातला घास हातातच राहिला.

जमिनीखाली नळ एकच आहे.
युद्धाच्या खूप आधी टाकलेला, बिडाचा.
वर मात्र
शाळेला दोन दारं, पोरांना दोन मधल्या सुट्ट्या,
इतिहासाची दोन पुस्तकं,
आगीचे दोन बंब, त्यातल्या एकाला चाक नाही,
आणि मतदान जवळ आलं की भिंतींवर दोन चेहरे
एकच वाक्य बोलतात:
ते तुम्हाला गिळतील.
उन्हाळ्यात दोघं एकाच बेटावर सुट्टीला जातात म्हणे.
म्हणे कशाला, झ्द्रावकाची मुलगी त्याच हॉटेलात चादरी बदलते.

जानेवारीत नळ फुटला.
बरोबर त्याच रस्त्यावर, ज्याला कोणी सीमा म्हणत नाही
आणि जो ओलांडताना सगळेच आवाज खाली करतात.
पूर्वेचा इंजिनिअर आला, म्हणाला, भेग पश्चिमेला.
पश्चिमेचा आला, टेप लावली: चार सेंटीमीटर पूर्वेला.
नऊ दिवस.
पाण्याचा बर्फ झाला, बर्फावर मुनीरा आजी घसरली,
खुब्याचं हाड.
कुठल्या दवाखान्यात न्यायचं, म्हणून
ड्रायव्हरनं वर फोन लावला. मी शेजारीच उभी होते.
तोही आडनावच सांगत होता.

दहाव्या दिवशी माणसं बाहेर आली.
कोणी बोलावलं नव्हतं.
रिकाम्या बादल्या उलट्या धरून, पळ्यांनी बडवत:
पेन्शनवाले, न्हावी, पगार न झालेल्या नर्सा,
दोन दारांतून सुटलेली एकाच वयाची पोरं.
नगरपालिकेच्या खिडक्या पटापट बंद झाल्या,
दोन्ही नगरपालिकांच्या.
विन्को, ज्याचा एक भाऊ युद्धात गेला,
आणि इस्मेत, ज्याचे दोन,
एकाच टिकावानं पाळीपाळीनं खणत होते
आणि एकमेकांकडे बघत नव्हते.
मी चहाचा थर्मास घेऊन गेले, काहीतरी मोठं बोलायला तोंड उघडलं.
"माफी-बिफी नंतर," विन्को थुंकला. "आधी हा वाल्व."

फेब्रुवारीत वाहून गेलेल्या पाण्याची बिलं आली.
दोन्हीकडून. तेच पाणी, दोनदा.
मीच वाटली ती, नोकरी आहे.
लोकांनी माझ्याच तोंडावर फेकली. बरोबर केलं.
बादल्या आत गेल्या. भिंतींवर नवी पोस्टरं चढली,
चेहरे तेच, केस तेवढे काळे केलेले.

वाल्व अजून थेंब थेंब गळतो.
रोज सकाळी बघते, कोणीतरी चिंधी बांधलेली असते.
एके दिवशी साधी गाठ.
दुसऱ्या दिवशी कोळ्यांची, ओढली की घट्ट होणारी.
मग पुन्हा साधी.

रकान्यात मी "गळती" लिहिलं.
पुढे स्वल्पविराम दिला, आणि पेन तसंच धरून उभी राहिले.
गाठ कुणाची, ते मी विचारलेलं नाही.
आडनाव तर नाहीच.